कपींच्या कुळात माणूस: एका नात्याच्या शोधाचा आढावा

मराठी लोकभाषेत नरवानर गणातील परिचित प्राण्यांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत: काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे आणि करड्या अंगाचे ते वानर, आणि तांबूस तोंडाचे, अंगाने लहान ते माकड. प्राणिशास्त्र पहिल्याला हनुमान लंगूर म्हणते, तर महाराष्ट्राच्या दक्षिण भागात आढळणारे दुसरे बहुधा टोपी माकड असते. चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन या बिनशेपटीच्या, रुंद छातीच्या प्राण्यांसाठी मात्र या भाषेत घडलेला असा शब्द नाही, कारण ते या प्रदेशात नव्हतेच. भारतातील एकमेव असा प्राणी म्हणजे हुलॉक गिबन, आणि तो आसाम व ईशान्येकडील जंगलांत राहतो. ही उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रीय मराठीने संस्कृतातील 'कपी' हा शब्द घेतला आणि त्याचा मूळचा सैल अर्थ आवळून तो या बिनशेपटीच्या प्राण्यांपुरता ठेवला. हा अर्थसंकोच पुस्तकांत रुजला, पण बोलण्यात उतरला नाही, आणि म्हणून उत्क्रांतीविषयीची बहुतेक चर्चा आजही 'माणूस माकडापासून झाला' या एका वाक्याभोवती फिरत राहते.

हे वाक्य जसेच्या तसे कोणत्याही उत्क्रांतिशास्त्रज्ञाने मांडलेले सिद्धांतवाक्य नाही, तरी त्याचे खंडन मात्र उत्साहाने होते. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथील एका संमेलनात एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहिलेले वा सांगितलेले नाही, असा मुद्दा मांडला, आणि देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींना त्यावर संयुक्त निवेदन काढावे लागले. आक्षेपामागची चूक साधी आहे. आजचे वानर, आजचे माकड, आजचा चिंपँझी आणि आजचा माणूस हे सर्व समकालीन आहेत. त्यांच्यातील नाते आजा-नातवाचे नसून भाऊबंदांचे आहे, आणि एखाद्याने चुलतभावाला आपल्या आजोबांचे रूप घेताना पाहिले नाही म्हणून दोघांचा आजा एक नव्हता, असे ठरत नाही. खरा प्रश्न हा आहे की तो सामाईक आजा किती पिढ्यांपूर्वीचा, आणि या भाऊबंदकीत माणसाच्या सर्वांत जवळचा कोण. या प्रश्नाचे उत्तर मिळायला सुमारे अडीचशे वर्षे लागली. ते मिळवताना ज्या चुका झाल्या त्या उत्तराइतक्याच बोलक्या आहेत, कारण त्यांपैकी बहुतेक चुकांच्या मुळाशी माणसाला बाकीच्यांपासून वेगळे काढण्याची इच्छा होती.

नरवानर गणाची ओळख काही थोड्या लक्षणांवर बसते: वस्तू पकडू शकणारे हातपाय, बहुतेक बोटांना नख्यांऐवजी सपाट नखे, समोर रोखलेले डोळे आणि त्यामुळे येणारे खोलीचे भान, शरीराच्या मानाने मोठा मेंदू, आणि थोडी पिल्ले व त्यांचे लांबलेले बालपण. या गणाची एक शाखा लेमूर आणि लोरिस यांची, दुसरी टार्सिअर, माकडे, कपी आणि माणूस यांची. दुसऱ्या शाखेतून अमेरिका खंडातील माकडे आधी वेगळी झाली, आणि पुढे सुमारे २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वी आशिया-आफ्रिकेतील माकडे व कपी यांचे मार्ग फुटले. कोकणातील वाडीत नारळावर बसलेले माकड आणि त्याला हाकलणारा माणूस यांचा शेवटचा सामाईक पूर्वज शोधायचा तर इतके मागे जावे लागते. कपींनी या वळणानंतर शेपूट गमावली. शेपटीच्या घडणीत भाग घेणाऱ्या एका जनुकात घुसलेला, स्वतःच्या प्रती करत फिरणारा डीएनएचा छोटा तुकडा त्याला कारण झाला असावा, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. हा तुकडा माणसासह सर्व कपींमध्ये त्याच जागी आहे आणि माकडांमध्ये नाही.

माणूस या गणात बसतो, हे उत्क्रांतीची कल्पना रुळण्याच्या कितीतरी आधीच मान्य झाले होते. लंडनमधील वैद्य एडवर्ड टायसन याने १६९९ मध्ये एका लहान चिंपँझीच्या शवविच्छेदनाचे वर्णन छापले, आणि त्यात हा प्राणी माकडांपेक्षा माणसाशी अधिक मुद्द्यांत जुळतो, असा हिशेब मांडला. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७३५ मध्ये माणसाला कपींच्याच गटात घातले आणि १७५८ च्या आवृत्तीत त्या गणाला आजचे नाव दिले. त्यावर धर्मशास्त्र्यांकडून टीका झाली. १७४७ च्या एका पत्रात लिनियसने उलट विचारले की प्राणिशास्त्राच्या नियमांनुसार माणूस व कपी यांना वेगळे करणारे एकही लक्षण कोणी दाखवून द्यावे, कारण त्याला स्वतःला असे लक्षण माहीत नाही. लिनियस सृष्टी ईश्वरनिर्मित मानणारा होता. त्याला दिसले ते केवळ शरीररचनेचे साम्य. ते साम्य नात्यातून आलेले असू शकते, हा विचार त्याच्या चौकटीत नव्हता.

लिनियसच्या आव्हानाला सर्वांत ठाम उत्तर द्यायचा प्रयत्न इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन याने केला. मेंदूच्या मागच्या भागातील एक लहानसा उंचवटा फक्त माणसात असतो आणि तेवढ्यावरून माणसाचा स्वतंत्र उपवर्ग करता येतो, असा त्याचा दावा होता. थॉमस हक्स्ले याने तो उंचवटा कपींच्या मेंदूतही दाखवून दिला आणि १८६३ मध्ये मानवाच्या निसर्गातील स्थानाविषयीच्या पुस्तकात अवयवामागून अवयव तपासत असे दाखवले की गोरिला व माणूस यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याहून अधिक अंतर गोरिला आणि खालच्या पायरीवरची माकडे यांच्यात आहे. ओवेनची हार ही एका चुकीच्या निरीक्षणाची हार म्हणून सांगितली जाते, पण तिचे महत्त्व अधिक व्यापक आहे: माणसाची सरहद्द एकाच लक्षणावर आखण्याचा प्रयत्न पुढे हत्यारांच्या, ताठ चालण्याच्या आणि भाषेच्या बाबतीतही झाला, आणि दर वेळी ती रेघ पुसट होत गेली.

चार्ल्स डार्विन याने १८५९ च्या ग्रंथात मानवाविषयी जवळजवळ मौन पाळले, आणि १८७१ मध्ये सविस्तर लिहिताना असा अंदाज केला की चिंपँझी व गोरिला आफ्रिकेत राहतात, तेव्हा माणसाचे आद्य पूर्वजही तिथेच राहत असावेत. त्याच्या हाती त्या वेळी उपयोगाचा जीवाश्म जवळजवळ नव्हता. जर्मनीत १८५६ मध्ये सापडलेला निअँडरथल माणूस होता, पण तो फार अलीकडचा होता. शोध मात्र आफ्रिकेत झाला नाही. डच वैद्य यूजीन द्युब्वा जावा बेटावर गेला आणि १८९१-९२ मध्ये ट्रिनिल येथे त्याला कवटीचा वरचा भाग व मांडीचे हाड मिळाले, ज्यांना आज होमो इरेक्टस म्हणतात. इंग्लंडमध्ये १९१२ मध्ये पिल्टडाऊनचा 'माणूस' पुढे आला: मोठी मानवी कवटी आणि कपीचा जबडा. तो बनावट होता, हे १९५३ मध्ये सिद्ध झाले, पण चाळीस वर्षे तो टिकला, कारण मेंदू आधी मोठा झाला आणि बाकी शरीर मागाहून बदलले, ही तत्कालीन विद्वानांची आवडती समजूत त्याने पुरी केली. याच समजुतीमुळे दक्षिण आफ्रिकेतील टाँग येथे १९२४ मध्ये सापडलेली आणि रेमंड डार्ट याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेली बालकाची कवटी बराच काळ दुर्लक्षित राहिली: तिचा मेंदू कपीएवढा, दात माणसासारखे, आणि कवटीच्या तळाचे भोक पुढे सरकलेले, म्हणजे प्राणी ताठ चालणारा. पिल्टडाऊनच्या नेमके उलट.

या इतिहासातील भारताशी निगडित प्रकरण सर्वांत उद्बोधक आहे. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांत मायोसीन युगातील नदीगाळाचे जाड थर आहेत आणि त्यांत कपींचे दात व जबडे सापडतात. येल विद्यापीठाच्या मोहिमेतील जी. एडवर्ड लुईस याला आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे १९३२ मध्ये वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, आणि १९३४ मध्ये त्याने त्याचे नाव 'रामापिथेकस' ठेवले. या मोहिमेने नावांच्या बाबतीत हात आखडता घेतला नाही. त्याच लेखात ब्रह्मा आणि सुग्रीव यांच्या नावांचेही कपी आहेत, आणि 'शिवापिथेकस' हे नाव त्यापूर्वी १९१० मध्ये पडलेले होते. लुईसचा दावा त्या वेळी फेटाळला गेला, पण १९६१ मध्ये एल्विन सायमन्स याने तो पुन्हा उचलला आणि पुढे डेव्हिड पिलबीमसह ठामपणे मांडला: लहान सुळा, दाढांवरचे जाड कवच आणि माणसासारखी कमानदार दंतपंक्ती पाहता रामापिथेकस हा मानवशाखेचा सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीचा आद्य सदस्य होय. सुमारे वीस वर्षे ही समजूत पाठ्यपुस्तकांत राहिली, भारतीय पुस्तकांत तर त्यानंतरही, आणि त्यामागे विज्ञानाइतकाच मानवाचा उगम आपल्याकडे असल्याचा सुखद भासही होता. अडचण अशी की ती कमान तुकड्यांवरून कल्पिलेली होती. जबड्याचा मधला भाग कोणत्याही नमुन्यात शाबूत नव्हता, आणि दोन तुकडे किती अंतरावर ठेवायचे हे ठेवणाऱ्याच्या अपेक्षेवर अवलंबून होते.

या समजुतीला पहिला धक्का हाडांनी दिला नाही, तर रक्ताने दिला. जॉर्ज नटॉल याने १९०४ मध्येच दाखवले होते की एका प्राण्याच्या रक्तद्रवाविरुद्ध सशात तयार केलेली प्रतिद्रव्ये दुसऱ्या प्राण्याच्या रक्तद्रवाशी किती जोराने साका धरतात, यावरून त्यांचे नाते मोजता येते. मॉरिस गुडमन याने १९६० च्या दशकाच्या आरंभी हीच पद्धत सुधारून वापरली तेव्हा माणूस, चिंपँझी आणि गोरिला हे एका बाजूला आणि ओरांगउटान दुसऱ्या बाजूला पडला. वर्गीकरणाच्या तत्कालीन रूढीत सारे मोठे कपी एका कुलात आणि माणूस एकटा दुसऱ्या कुलात होता. गुडमनच्या निष्कर्षाने ती भिंत ढासळली, कारण चिंपँझी ओरांगउटानपेक्षा माणसाला जवळचा असेल तर 'मोठे कपी, माणूस वगळून' असा नैसर्गिक गट उरतच नाही. पुढचे पाऊल बर्कली येथील व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी १९६७ मध्ये टाकले. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनातील फरक साधारण एकाच गतीने साठत जातात, असे गृहीत धरले आणि माकडे व कपी यांची फाटाफूट ३ कोटी वर्षांपूर्वीची मानली, तर माणूस व आफ्रिकी कपी वेगळे होऊन केवळ ५० लाख वर्षे झाली, असा हिशेब निघत होता. पुराजीवशास्त्रज्ञांचा आकडा याच्या जवळजवळ तिप्पट होता. सारिचने पुढे असेही लिहिले की ८० लाख वर्षांहून जुना जीवाश्म दिसायला कसाही असला, तरी तो मानवशाखेचा असू शकत नाही. त्याला उद्धटपणाचे दूषण मिळाले, आणि ते पूर्ण अन्यायाचेही नव्हते, परंतु वाद त्याने जिंकला. पाकिस्तानातील पोतवार पठारावर पिलबीमच्याच मोहिमेला शिवापिथेकसचा चेहऱ्यासह जबडा मिळाला, आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार तो चेहरा माणसाचा पूर्वज असण्याऐवजी स्पष्टपणे ओरांगउटानचा नातलग होता. रामापिथेकस हा त्याच प्राण्याचा एक प्रकार ठरला. पिलबीमने आपली चूक उघडपणे मान्य केली, हे विज्ञानाच्या इतिहासात जेवढे वारंवार सांगितले जाते तेवढे वारंवार घडत नाही.

गोरिला, चिंपँझी आणि माणूस या तिघांपैकी कोणते दोघे अधिक जवळचे, हा प्रश्न तरीही उरला होता. बहुतेक शरीररचनातज्ज्ञ चिंपँझी व गोरिला यांची जोडी मानत, कारण दोघेही बोटांचे सांधे जमिनीवर टेकून चालतात. चार्ल्स सिबली आणि जॉन आल्क्विस्ट यांनी १९८४ मध्ये दोन प्राण्यांच्या डीएनएचे धागे एकमेकांत गुंफून ते किती तापमानाला सुटतात, हे मोजले आणि चिंपँझी व माणूस यांची जोडी पुढे केली. त्यांच्या आकडेवारीवर आक्षेप आले, पण नंतरच्या थेट वाचनाने निष्कर्ष कायम ठेवला. २००५ मध्ये चिंपँझीचा जनुकसंच माणसाच्या शेजारी ठेवून वाचला गेला तेव्हा जुळणाऱ्या भागांत एकेका अक्षरातील फरक सुमारे १.२ टक्के निघाला, आणि मधले गळालेले व घुसलेले तुकडे मोजले तर फरक त्याच्या कित्येक पट वाढला. लोकांत रूढ झालेला '९९ टक्के साम्य' हा आकडा म्हणून खोटा नाही, अपुरा आहे: तो फक्त शेजारी-शेजारी मांडता येणाऱ्या भागांविषयी बोलतो. गुणसूत्रांची संख्या वेगळी असण्याचे कोडेही असेच सुटले. मोठ्या कपींना गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात आणि माणसाला २३, कारण माणसाचे दुसरे गुणसूत्र ही पूर्वीच्या दोन गुणसूत्रांची टोकाला टोक लावून झालेली जोडणी आहे; १९९१ मध्ये ती जोडाची जागा अक्षरशः वाचता आली, आणि एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारी अक्षरांची पुनरावृत्ती तिथे मधोमध सापडली.

जनुकसंचांनी एक अनपेक्षित गुंतागुंतही पुढे आणली. गोरिलाचा जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील सुमारे ३० टक्के भागात चिंपँझी व माणूस एकमेकांना जेवढे जवळ आहेत त्याहून गोरिला त्यांपैकी एकाला अधिक जवळ आहे, असे आढळले. याचा अर्थ वंशवृक्ष चुकला असा नाही. मूळ समूहात एकाच जनुकाच्या अनेक प्रकारच्या प्रती फिरत असतात, दोन फाटे लागोपाठ फुटले तर त्या प्रतींची वाटणी नीट होत नाही, आणि कोणती प्रत कोणाच्या वाट्याला येईल हे जवळजवळ नशिबावर राहते. एखाद्या मोठ्या घराच्या दोन वाटण्या थोड्याच वर्षांच्या अंतराने झाल्या तर धाकट्या पातीकडे मधल्या भावाऐवजी थोरल्याकडची भांडी यावीत, तसे हे आहे. मानवी कुटुंबांत आईवडील व मुले यांचे जनुकसंच थेट ताडून उत्परिवर्तनांचा वेग मोजला गेला तेव्हा तो आधी मानलेल्यापेक्षा बराच मंद निघाला, आणि त्यामुळे चिंपँझी-मानव विभागणीचा अंदाज सारिच-विल्सनच्या ५० लाखांवरून मागे, ६० ते ७० लाख वर्षांकडे आणि काहींच्या मते त्याहीपलीकडे सरकला.

जीवाश्मांचे दप्तर या चौकटीत आता बऱ्यापैकी बसते. चाड देशात २००१ मध्ये मिळालेली सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची कवटी आणि केनियातील सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीची मांडीची हाडे ही या शाखेच्या अगदी मुळाशी असू शकतात, पण त्यांवर वाद आहे. इथिओपियातील ४४ लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस झाडांवर पायाचा अंगठा वळवून फांदी धरू शकत होता आणि जमिनीवर दोन पायांवरही चालत होता. टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले सुमारे ३७ लाख वर्षांपूर्वीचे पाऊलठसे आणि १९७४ मध्ये इथिओपियातील हदर येथे सापडलेला, 'लुसी' या नावाने प्रसिद्ध झालेला ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा यांवरून ताठ चाल तोवर पक्की झाल्याचे दिसते, आणि मेंदू मात्र अजून चिंपँझीच्या आसपासच होता. दगडी हत्यारे केनियातील लोमेक्वी येथे ३३ लाख वर्षे जुनी निघाली आहेत, म्हणजे आपल्या होमो या प्रजातिगटाच्या २८ लाख वर्षांपूर्वीच्या सर्वांत जुन्या जबड्याहूनही आधीची. क्रम असा ठरला: आधी चाल, मग हत्यार, मग मेंदू. पिल्टडाऊनच्या भक्तांना तो आवडला नसता. मेंदूची वाढही सरळ रेषेत झाली नाही. दक्षिण आफ्रिकेतील रायझिंग स्टार गुहेतील होमो नलेदीचा मेंदू सुमारे ४६५ ते ६१० घनसेंटिमीटरच्या दरम्यान होता, आणि तो प्राणी अवघ्या ३ लाख वर्षांपूर्वीच्या आसपास जिवंत होता. त्याच सुमारास मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथे जवळजवळ आपल्यासारखा चेहरा असलेली माणसे वावरत होती. एकाच वेळी एकच मानवजात असणे ही अलीकडची, आणि जीवाश्मांच्या पटावर पाहिले तर अपवादात्मक, स्थिती आहे.

या जाती एकमेकींपासून पूर्ण अलगही राहिल्या नाहीत. निअँडरथलचा जनुकसंच २०१० मध्ये वाचला गेला आणि आफ्रिकेबाहेरील आजच्या लोकांत त्याचा सुमारे २ टक्के अंश आढळला. त्याच वर्षी सायबेरियातील डेनिसोवा गुहेतील बोटाच्या एका हाडावरून मानवांचा आणखी एक गट समजला, ज्याचा चेहरा तोवर कोणी पाहिलाच नव्हता. या कामासाठी स्वान्ते पाबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील प्रत्यक्ष हाडांचा पुरावा त्यामानाने फारच तुटपुंजा आहे. मध्य प्रदेशातील हथनोरा येथे नर्मदेच्या काठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे अरुण सोनकिया यांना डिसेंबर १९८२ मध्ये कवटीचा एक भाग मिळाला, आणि तो होमो इरेक्टसचा की त्यानंतरच्या एखाद्या मानवाचा, यावर एकमत झालेले नाही. हत्यारे मात्र विपुल आहेत. तमिळनाडूतील अत्तिरंपाक्कम येथील हस्तकुऱ्हाडींचे वय सुमारे १५ लाख वर्षे ठरले आहे, आणि पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे अशीच हत्यारे ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत सापडली आहेत. ही राख कित्येक लाख वर्षे जुनी की सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, यावर पुरातत्त्वज्ञांत दीर्घ वाद झाला. हात दिसतो, चेहरा दिसत नाही, अशी ही स्थिती आहे.

नाते फक्त हाडांत आणि जनुकांत नसते, वागणुकीतही असते. जपानी अभ्यासकांनी १९५० च्या दशकात माकडांच्या टोळ्यांतील प्रत्येक प्राण्याला नाव देऊन वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि कोशिमा बेटावरील एका तरुण मादीने सुरू केलेली रताळी धुण्याची सवय टोळीभर कशी पसरली, हे दाखवले. प्राण्यांना नावे देणे युरोपीय अभ्यासकांना भाबडेपणाचे वाटत होते, आणि या फरकामागे माणूस व पशू यांच्यात मुळातच खोल दरी न मानणारी संस्कृती असावी, असे म्हणण्यास जागा आहे. जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये टांझानियातील गोंबे येथे चिंपँझी काडी सोलून वारुळातील वाळवी बाहेर काढताना पाहिला, आणि हत्यार बनवतो तो माणूस, ही व्याख्या त्याबरोबर मोडली. १९९९ मध्ये आफ्रिकेतील वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र करून अशा ३९ सवयी मांडल्या गेल्या ज्या एका टोळीत आहेत आणि दुसरीत नाहीत, म्हणजे ज्यांना परंपरा म्हणणे भाग आहे.

हिंसेविषयीचा सर्वांत महत्त्वाचा वाद भारतातील वानरांवरून पेटला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या पहिल्या अभ्यासात हनुमान लंगुरांचे जीवन शांत दिसले, पण १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळ काम करणाऱ्या युकिमारू सुगियामा यांना वेगळे दिसले: बाहेरच्या नराने कळपाचा ताबा घेतला की तो आधीच्या नराची पिल्ले मारतो. ही गर्दीतून आलेली विकृती आहे, असे काहींनी म्हटले. माउंट अबू येथे १९७० च्या दशकात काम करणाऱ्या सारा हर्डी यांनी १९७७ च्या पुस्तकात उलट मांडणी केली की पिल्लू गेल्यावर मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती लवकर मिळते, म्हणून ही वागणूक नैसर्गिक निवडीतून टिकलेली आहे. मादीही तिला निमूट बळी पडत नाही आणि अनेक नरांशी संग करून पितृत्वाविषयी संभ्रम ठेवते. पुढे नेपाळमधील लंगुरांच्या विष्ठेतील डीएनए तपासला गेला, आणि मारणारे नर मारलेल्या पिल्लांचे बाप नव्हते, हे दिसले. हर्डी यांचे म्हणणे आज बहुतेकांना मान्य आहे, पण त्यातून माणसाविषयी काही सिद्ध होते असे मानणे घाईचे ठरेल, आणि ही घाई वारंवार झाली आहे. चिंपँझींच्या टोळ्या सीमेवर गस्त घालतात आणि शेजारच्या नरांना ठार करतात, म्हणून माणसाचे युद्ध त्याच्या रक्तातच आहे, असे एका पक्षाने म्हटले. काँगो नदीच्या दक्षिणेकडील बोनोबो हे मादीप्रधान आणि बरेच सहिष्णू आहेत, म्हणून दुसऱ्या पक्षाने त्यांना उचलले. चिंपँझी व बोनोबो एकमेकांपासून सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि दोघेही माणसापासून सारख्याच अंतरावर आहेत, तेव्हा यांपैकी एकालाच माणसाचा आरसा ठरवण्यास प्राणिशास्त्रात आधार नाही. राजकारणात तो नेहमीच मिळतो.

साम्य एवढे असेल तर फरक कुठून येतो, या प्रश्नाचे उत्तर मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५ मध्येच सुचवले होते: माणूस व चिंपँझी यांची प्रथिने इतकी सारखी आहेत की फरक प्रामुख्याने जनुके केव्हा, कुठे आणि किती वेळ चालू राहतात यात असला पाहिजे. त्यानंतरच्या संशोधनाने या तर्काला पाठबळ दिले आहे. इतर प्राण्यांत कोट्यवधी वर्षे न बदललेले आणि माणसाच्या शाखेत मात्र झपाट्याने बदललेले डीएनएचे पट्टे सापडले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक पट्टे स्वतः प्रथिन बनवत नाहीत, इतर जनुकांना आवरतात वा सोडतात. मेंदूच्या बाह्यकातील पेशींची संख्या वाढवणारे, मानवशाखेत एका जनुकाच्या अर्धवट प्रतीतून जन्मलेले नवे जनुकही ओळखले गेले आहे. भाषेचे जनुक म्हणून गाजलेल्या फॉक्सपी२ या जनुकातील माणसाचे दोन्ही वेगळे बदल निअँडरथलमध्येही निघाल्यावर त्या बातमीचा रंग बराच उतरला. चिंपँझींना खुणांची भाषा शिकवण्याचे १९६० आणि १९७० च्या दशकांतील प्रयोग शब्दांपर्यंत पोचले, वाक्यरचनेपर्यंत खात्रीने पोचले नाहीत, आणि लिनियसच्या आव्हानाला आजवर दिले गेलेले सर्वांत टिकाऊ उत्तर कदाचित इथेच आहे.

चिंपँझी व माणूस यांचा शेवटचा सामाईक पूर्वज कसा होता, याविषयी अजून दोन चित्रे समोर आहेत. एकानुसार तो जवळजवळ आजच्या चिंपँझीसारखा, बोटांचे सांधे टेकून चालणारा होता. दुसऱ्यानुसार, आणि आर्डिपिथेकसचे वर्णन करणाऱ्यांनी २००९ मध्ये हेच मांडले, तो फांद्यांवर तळवे टेकून सावकाश फिरणारा होता, आणि चिंपँझी व गोरिला यांनी आपापली चाल नंतर स्वतंत्रपणे घडवली, म्हणजे गेल्या ६०-७० लाख वर्षांत फक्त माणूस बदलला असे मानणे चूक आहे. या दोहोंतून निवड करण्यासाठी चिंपँझीच्या बाजूचे जीवाश्म हवेत, आणि तिथेच दप्तर रिकामे आहे. मानवशाखेचे हजारो तुकडे संग्रहालयांत जमा असताना चिंपँझीच्या शाखेचा निश्चित मानला गेलेला पहिला जीवाश्म केवळ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला: केनियातील बरिंगो सरोवराजवळील सुमारे ५ लाख ४५ हजार वर्षांपूर्वीच्या थरातील काही दात. पावसाळी जंगलातील आम्लधर्मी माती हाडे खाऊन टाकते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण असे की आफ्रिकेत खोदकाम करणाऱ्यांपैकी बहुतेक जण माणसाचे पूर्वज शोधायला गेलेले होते.